वहीतली गोष्ट आणि तोंडातली गोष्ट

आम्ही होटगीच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. सोलापूरपासून जवळच आमचं गाव. रेल्वेनं फिरणाऱ्यांना होटगी जंक्शन ठाऊक असतं. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लाईनीला इथं विजापूर-गदगचा फाटा फुटतो. गावात मराठी चालते तशी कन्नडही चालते. आमच्यातल्या कित्येकजणी चुलीपुढं एक भाषा बोलतात आणि गटाच्या बैठकीत दुसरी.

आज आम्ही तुम्हाला एका भांडणाची गोष्ट सांगणार आहोत. भांडण आमचंच, पण मागं मागं शोधत गेलो तर ते पावणेदोनशे वर्षांपेक्षा जुनं निघालं. भांडण असं: गोष्ट रचायची तर ती आधी ठरवून, कागदावर लिहून रचायची, की बोलता बोलता सुचेल तशी पुढं न्यायची?

झालं काय, की रेडिओसाठी आम्ही सहा भागांची एक गोष्ट करायची ठरवली. विषय आमचा आम्हीच निवडला. बहिणीची हक्कसोड सही. भाऊ राखीच्या दिवशी साडी आणतो, गोडधोड होतं आणि मग पिशवीतून कागद निघतो. "ताई, एवढी एक सही कर." तुमच्या-आमच्या घरोघरची गोष्ट. आमच्यातल्या दोघी-तिघी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, आधी सगळं वहीत लिहून काढू, कोण काय बोलणार ते ठरवू, मग रेकॉर्डिंग करू. आमच्या गटातल्या सगळ्यांत थोरल्या मावशी आहेत, त्यांना अक्षरओळख नाही. त्या म्हणाल्या, "लिवायचं कशाला? त्वांड हाय की. जात्यावर बसल्यावर कुणी कागद दिला हुता का आमाला?"

पहिल्यांदा वहीवाल्यांचं ऐकलं. गोष्ट लिहिली, छान लिहिली. पण बोलायला बसलो तर शाळेतला धडा म्हणल्यासारखं व्हायला लागलं. मावशींना त्यांची वाक्यं चार-चारदा सांगितली. त्या एक शब्द विसरल्या की गप्प व्हायच्या. एरवी अख्ख्या गल्लीला हसवणारी ही बाई मायक्रोफोनपुढं मुकी झाली.

दुसऱ्यांदा वही मिटली आणि सुचेल तसं बोलायला लागलो. काय रंगलं म्हणून सांगू! पण दुसऱ्या भागात तीन एकर असलेलं रान चौथ्या भागात पाच एकर झालं. वारलेले सासरे परत बाजेवर येऊन बसले. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे एकजण बोलण्याच्या भरात म्हणून गेली, "लगीन झाल्यावर लेकीचा कसला आलाय हक्क?" ते खोटं आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासूनचा हक्क आहे. महाराष्ट्रात १९९४ साली त्यासाठी कायदा बदलला आणि २००५ साली सगळ्या देशासाठी. ते वाक्य तसंच रेडिओवर गेलं असतं, तर ऐकणाऱ्या किती बायकांनी तेच खरं मानलं असतं!

म्हणजे वही धरली तर गोष्ट मरते आणि वही सोडली तर गोष्ट भरकटते. दोन्ही बाजू बरोबर आणि दोन्ही चूक. गटात दोन तट पडले. मग आम्ही म्हटलं, आपल्या आधीच्या लोकांनी काय केलं ते तरी बघू.

सुरुवात होते सांगलीपासून. साल १८४२. कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक मेळा सांगलीत आला आणि त्यांनी आपले खेळ केले. सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी ते पाहिले आणि आपल्या पदरच्या विष्णुदास भावे या तरुणाला सांगितलं, की असं काही मराठीत करून दाखव. भाव्यांनी ते मनावर घेतलं. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं. म्हणून आजही ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानतात. मराठी नाटकाचं बी असं कन्नड मुलखातून आलेलं. आम्हा होटगीकरांना त्याचं नवल वाटत नाही. आमच्याकडं दोन्ही भाषा एकाच विहिरीचं पाणी पितात.

आता हे नाटक कसं होतं, ते नीट ऐका, कारण आमच्या भांडणाचं मूळ तिथंच आहे. आधी सूत्रधार मंगलाचरण म्हणायचा. गणपती यायचा, मोरावर बसून सरस्वती यायची, विदूषक हसवून जायचा. मग आख्यान सुरू. पदं लिहिलेली असायची आणि ती सूत्रधार म्हणायचा. पण दोन पदांच्या मधलं बोलणं लिहिलेलं नसायचं. पदाचा अर्थ धरून पात्रं आपल्या पदरचं बोलायची. राम आपल्या मनानं बोलायचा, रावण आपल्या मनानं. गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ. धनुष्य मोडणार, सीता माळ घालणार, हे पाहणाऱ्या पोरालाही माहीत.

म्हणजे बघा, भाव्यांचं नाटक निम्मं ठरलेलं आणि निम्मं सोडलेलं होतं. पुढं १८५१ साली आप्पासाहेब वारले. राजाश्रय गेला, डोक्यावर कर्ज होतं. मग भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरले, १८५३ साली मुंबईत जाऊन खेळ केले. त्यांचं बघून ठिकठिकाणी नव्या मंडळ्या निघाल्या. बोलणारा हुशार असला तर लोक डोलायचे. नसला तर? मग राक्षसाचं काम करणारा नुसती आरडाओरड करायचा. "अललडुर्र" करून अंगावर धावून यायचा. लोकांनी त्या खेळांना नावच ठेवलं, अललडुर्र नाटकं. सुचेल तसं बोलण्याचं हे दुसरं टोक. सुचलं नाही की आवाज वाढतो. आमच्या रेकॉर्डिंगमध्येही तेच झालं होतं. बोलायला काही उरलं नाही की दोघी एकमेकींवर ओरडायला लागायच्या. पुढं ऐकताना आम्हालाच हसू आलं.

याच काळात काहीजण कागदाकडे वळले. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं. अडाणी कुणबी नवरा-बायको भिक्षुकाच्या बोलण्याला फसतात आणि शेवटी शिकायला निघतात, अशी गोष्ट. नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं, पण कमिटीनं ते घेतलं नाही. ते छापून लोकांपुढं यायला सव्वाशे वर्षांच्या आसपास जावी लागली. पण कागदावर होतं म्हणून इतक्या वर्षांनी का होईना, आपल्या हाती आलं. ते नुसतं तोंडी असतं, तर कमिटीच्या नकाराबरोबरच संपलं असतं. हा मुद्दा आमच्या वहीवाल्यांनी लगेच उचलून धरला.

मग १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणानं 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक लिहिलं. शब्दन् शब्द लिहिलेलं, पुराणातलं नाही तर इतिहासातलं, आणि शेवट दुःखाचा. तेव्हाचे लोक अशा नाटकांना 'बुकिश' म्हणायचे, म्हणजे बुकातली. नावातच जरा चेष्टा आहे. जुन्या पद्धतीचे नट वाक्यं पाठ करायला कंटाळायचे आणि नव्या शिकलेल्यांना जुन्यांची बडबड नकोशी वाटायची. आमच्या गटाच्या बैठकीत जे चाललं होतं तेच ना हे?

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पुराणातली कथा लोकांना पाठ असते, म्हणून तिच्यात नटानं काही घातलं तरी ती मोडत नाही. नवी कथा कुणालाच ठाऊक नसते. ती पहिल्यांदाच ऐकणाऱ्याला धागा हातात द्यावा लागतो. म्हणून नवी कथा आली तसा कागद आला. आमची हक्कसोडीची गोष्टही नवी. तिचं आख्यान कुठल्या पोथीत नाही. तिथं तीन एकराचे पाच एकर झाले की ऐकणारीचा विश्वास उडतो.

पुढं ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणलं. आता पदं पात्रांनीच म्हणायची, सूत्रधारानं नाही. पदंही लिहिलेली, बोलणंही लिहिलेलं. पण गंमत अशी, की पूर्ण सात अंक तयार व्हायची वाट त्यांनी बघितली नाही. पहिले चार अंक बसवले आणि प्रयोग केला. बाकीचे नंतर. त्यांचं 'रामराज्यवियोग' तर पहिले तीन अंक रंगमंचावर आले आणि १८८५ साली अण्णासाहेबच गेले. नाटक अपुरंच राहिलं. म्हणजे लिहून करणाऱ्यांनाही सगळं आधी ठरवता येत होतं असं नाही.

याच दशकात आमच्या होटगीहून गदगकडे रेल्वेचे रूळ पडले. लहान लाईन होती ती, पुढं तिची मोठी लाईन झाली. रेल्वे आली तशी नाटक मंडळ्यांची बिऱ्हाडं, पडदे, पेट्या रेल्वेनं हिंडायला लागल्या. गदगच्या पलीकडं हुबळी. तिथं १९०८ साली केशवराव भोसल्यांनी 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढली. मराठी नाटक कंपनी, पण जन्म हुबळीचा. आज या गावी, उद्या त्या गावी असं फिरायचं तर नाटक ठरलेलं असणं सोयीचं होतं. नट बदलला तरी नाटक तेच राहायचं.

आता सांगा, यात बायका कुठं होत्या? भाव्यांच्या नाटकात सीता बोलायची, पण तिच्या तोंडून बोलायचा एक मुलगा. त्याला जे सुचेल ते सीतेचं बोलणं. सीतेच्या मनात काय असेल हे कुणा बाईला कुणी विचारलं नाही. स्टेजवर उभं राहून सुचेल तसं बोलायचं, तर आधी स्टेजवर उभं राहावं लागतं. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला ती वाटच नव्हती. कागदाला मात्र उंबरा आडवा येत नाही. घरात बसून लिहिलेलं बाहेर जाऊ शकतं.

तसंच झालं. हिराबाई पेडणेकर या कलावंत घराण्यात वाढलेल्या बाईंनी नाटकं लिहिली. त्यांचं 'संगीत दामिनी' १९१२ साली याच ललितकलादर्श मंडळीनं केलं. आणि दुसरा किस्सा ऐका. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी 'बायकांचे बंड' नावाचं नाटक लिहिलं. ते वाचून जळगावच्या गिरिजाबाई केळकरांनी त्याला उत्तर म्हणून नाटक लिहिलं, 'पुरुषांचे बंड'! नाटकाला नाटकानं उत्तर. पुढं त्यांना नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षपदाचा मानही मिळाला. स्टेजवर पाय न ठेवता बाईचा शब्द स्टेजवर गेला, तो लिहिला होता म्हणून.

अजून एक नाटक. गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', १८९९ सालचं. पोरसवदा मुलीचं लग्न पैशासाठी म्हाताऱ्याशी लावायचा घाट घातला जातो, त्याची गोष्ट. ते शब्द देवलांनी ठरवलेले, तोलून-मापून लिहिलेले. म्हणून गावोगावी, वर्षानुवर्षं, शारदा तेच बोलत राहिली. कुणा नटाला वाटलं म्हणून त्या मुलीच्या दुःखाची टिंगल करता आली नाही. बालविवाहाला आळा घालणारा कायदा १९२९ साली आला. तोवर तीस वर्षं शारदा लोकांना तेच सांगत होती. आणि देवल स्वतः नावाजलेले तालीम मास्तर होते. नटांना जवळ बसवून, वाक्य कसं म्हणायचं ते म्हणून दाखवून शिकवायचे. म्हणजे लिहिलेलं नाटकही शेवटी कानानंच शिकायचं असतं. आमच्या मावशींना आम्ही वाक्यं नुसती फेकून दिली होती. शिकवली नव्हती. ती चूक मावशींची नव्हती.

इथपर्यंत आलो तेव्हा वहीवाल्यांची सरशी झाली होती. मावशी म्हणाल्या, "आता माजं ऐका. तमाशाचं काय?"

खरंच, तमाशाचं काय? तमाशात आधी गण, मग गवळण, बतावणी आणि शेवटी वग. वगाची कथा ठरलेली असते. पण सरदार आणि सोंगाड्या यांचं जे बोलणं चालतं, ते समोरचं गाव बघून चालतं. गावच्या पाटलाला चिमटा, यंदाच्या पावसाला टोला. असलं बोलणं महिनाभर आधी लिहून ठेवलं तर शिळ्या भाकरीसारखं होतं. पुढं वसंत सबनीसांनी लिहिलेल्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यात दादा कोंडके हवालदाराचं काम करायचे. त्यात ते ताज्या घडामोडींवर आपल्या पदरचं बोलत आणि लोक तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा जात. लिहिलेलं होतंच, पण त्यात मोकळी जागा ठेवलेली होती.

आणि कागद म्हणजे शिकलेल्यांचीच मिरास, असंही नाही. अण्णा भाऊ साठे शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. पण त्यांनी तमाशाचा बाज घेऊन 'अकलेची गोष्ट'सारखी लोकनाट्यं लिहिली, पुढं 'फकिरा'सारखी कादंबरी लिहिली. तोंडची कला आणि हातातली लेखणी त्यांच्याकडं भांडत नव्हती.

तिकडं कोकणात, सिंधुदुर्गाच्या बाजूला, दशावतारी मंडळी आजही लिहिलेल्या संहितेशिवाय नाटक करतात. रंग लावता लावता आपसात ठरवतात: आजचं आख्यान हे, तू हा, मी तो, प्रवेश असे. एवढं बोलून स्टेजवर जातात आणि रात्रभर बोलतात. युरोपात इटली देशातही काही शतकांपूर्वी अशी फिरती नाटकं होती. कथेचा सांगाडा एका कागदावर लिहून पडद्यामागं टांगायचे. नट जाता-येता त्यावर नजर टाकायचे आणि बाहेर येऊन मनानं बोलायचे. अठराव्या शतकात तिथल्या गोल्दोनी या नाटककारानं शब्दन् शब्द लिहिलेली नाटकं आणायला सुरुवात केली, तेव्हा तिथंही वाद पेटला. म्हणजे हे भांडण सांगलीचंही नाही नि होटगीचंही नाही. जिथं गोष्ट आहे तिथं ते आहे.

पडद्यामागं टांगलेला तो कागद आम्हाला आवडला. पण त्याआधी कादंबरीचंही थोडं बोलू, कारण आमची गोष्ट भागाभागाची होती.

हरी नारायण आपटे, सगळे त्यांना हरिभाऊ म्हणत. १८९० साली त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं. त्यात त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं आली. यमू नावाची बाई स्वतःची कहाणी स्वतः सांगते. लहानपण, लग्न, वैधव्य आणि जबरदस्तीनं झालेलं केशवपन. दर आठवड्याला पुढचा भाग. अशा लिहिण्यात पुढचं सगळं आधी पक्कं नसतं. लिहिता लिहिता गोष्ट वाढते, पात्रं रेंगाळतात. हरिभाऊंच्या कादंबऱ्यांत पाल्हाळ फार, असं टीकाकार म्हणत आलेत. त्यांच्या काही कादंबऱ्या तर अपुऱ्याच राहिल्या. पण त्याच सवडीनं चालणाऱ्या लिहिण्यातून यमूचं घर, तिची आई, सासरची माणसं इतकी खरी उतरली, की आजही वाचताना ती आपल्या शेजारची वाटतात. पाल्हाळ हा दोष, पण यमूचा जीव त्या पाल्हाळातच आहे. मात्र एक गोष्ट हरिभाऊंनी सुटू दिली नाही. यमूची बाजू. गोष्ट कितीही वळली तरी ती कुणाच्या बाजूनं बोलतेय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्याच काळात काशीबाई कानिटकरांनी 'रंगराव' ही कादंबरी लिहिली. १९०३ साली ती पुस्तक म्हणून आली. काशीबाई लग्न होऊन सासरी आल्यावर वाचायला शिकल्या, तेही घरच्यांची बोलणी खात. अशा बाईनं कादंबरी लिहायची, तर सलग बसून आखणी करायला निवांत वेळ कुठला? संसारातनं वेळ चोरायचा आणि लिहायचं. आमच्यातल्या वहीवालीही कबूल करतात, की वही उघडायची ती भांडी झाल्यावर आणि पोरं झोपल्यावर.

आणि आता जातं. मावशींनी पहिल्याच दिवशी जात्याचं नाव काढलं होतं. पहाटे दळता दळता बाईनं ओवी म्हणायची. चाल ठरलेली, ओवीचा साचा ठरलेला, माहेर, भाऊ, पंढरी, सासुरवास हे विषय ठरलेले. पण आज पहाटे मनात काय सलतंय, ते तिचं तिनं त्या साच्यात घालायचं. शेजारीण दुसऱ्या खुंट्याला हात लावून पुढची ओवी जोडायची. इतक्या जुन्या, इतक्या मोठ्या रचनेला एक कागद लागला नाही. पण पिठाच्या गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली आणि ओव्याही गेल्या. गेल्या शतकात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून ओव्या उतरवून घेतल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. म्हणून त्या उरल्या. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींचंही तसंच. त्यांना लिहिता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता सुचेल ते म्हणायच्या. त्यांच्या मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ते लिहून ठेवलं. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं. सुचलं तोंडाला, पण टिकलं कागदानं.

एवढं सगळं बघितल्यावर आम्ही पुन्हा बसलो. आणि आमच्या लक्षात आलं, की आम्ही चुकीचा प्रश्न धरून भांडत होतो. ठरवायचं की सोडायचं, हा प्रश्नच नाही. काय ठरवायचं आणि काय सोडायचं, हा प्रश्न आहे. वाकळ शिवताना आपण काय करतो? लांबी-रुंदी ठरलेली, खालचं लुगडं अंथरलेलं, चारी कडा पक्क्या. मधे कुठला तुकडा कुठं, ते हाताला येईल तसं.

मग आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, जे चुकलं तर ऐकणारीचं नुकसान होईल, ते लिहायचंच. कायदा, कागदाचं नाव, कुठल्या ऑफिसात जायचं, रान किती, भाऊ किती, बहिणी किती. त्यात एक शब्द पदरचा नाही. दुसरी, प्रत्येक भाग कुठं सुरू होणार आणि कुठं थांबणार, ते ठरवायचं. मधलं सोडायचं. तिसरी, गोष्ट कुणाच्या बाजूनं बोलतेय ते विसरायचं नाही.

आणि तो टांगलेला कागद? तो आम्ही टांगला, पण अक्षरांचा नाही, चित्रांचा. घर, राखी, पिशवी, कागद आणि विहीर. भिंतीवर पाच चित्रं. आता मावशींनाही तो वाचता येत होता.

पाचव्या भागाचं रेकॉर्डिंग आम्ही विसरणार नाही. वहीत लिहिलं होतं, की थोरली बहीण ठसक्यात सांगते, "मी सही करणार नाही." ते वाक्य आम्हाला फार आवडलं होतं. मावशी थोरलीचं काम करत होत्या. भावाचं काम करणारीनं कागद पुढं केला. मावशी गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आन रं बाबा. कुठं आंगठा लावू, सांग. माहेर तेवढं तुटू देऊ नगंस."

खोलीत कुणी बोललं नाही. रेकॉर्डिंग चालूच होतं. आमच्यातल्या बहुतेकींनी तसाच अंगठा लावलेला, तशीच सही केलेली. वहीतलं वाक्य लिहिताना आम्ही ते कुणी बोललो नव्हतो. वहीत आम्ही जसं व्हावं वाटत होतं तसं लिहिलं होतं. मावशींच्या तोंडून निघालं ते जसं झालं तसं.

मग वहीवाल्या काय म्हणाल्या? त्या म्हणाल्या, हे काढायचं नाही. पण इथं थांबायचंही नाही. नाहीतर ऐकणारीला वाटेल, हेच नशीब. मग सहावा भाग आम्ही नव्यानं ठरवला. धाकट्या बहिणीची पाळी येते. तिच्यापुढंही तोच कागद येतो. ती नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही. ती म्हणते, "आधी पुरा वाचून दाखव. मग बोलू." आणि थोरली तिच्याशेजारी येऊन बसते. तिथं गोष्ट संपते. हा शेवट एकट्या वहीलाही सुचला नसता आणि एकट्या तोंडालाही नाही.

सहाही भाग रेकॉर्ड झाल्यावर आम्ही एक काम केलं. ते परत ऐकले आणि मावशी जे बोलल्या ते जसंच्या तसं, त्यांच्या बोलीत, वहीत उतरवलं. आता ती वही गटाच्या पेटीत आहे, पासबुकांच्या शेजारी. दुसऱ्या गावच्या गटाला करायची असेल तर वही द्यायला आम्ही तयार आहोत. फक्त एक अट. मधल्या जागा आम्ही कोऱ्या ठेवल्यात. तिथं तुमच्या गावचं तुम्ही बोलायचं.

तुमच्या गटातही अशी एखादी मावशी असेलच. तिला अक्षर येत नाही म्हणून तिला गोष्टीतनं वगळू नका. आणि तिला सगळं येतंय म्हणून तिचं बोलणं वाऱ्यावरही सोडू नका. पुढच्या बैठकीला एक खेळ करून बघा. एक गोष्ट निवडा. सुरुवात आणि शेवट ठरवा, पाच चित्रं काढा, भिंतीला लावा. मग बोला. आणि एकीला सांगा, की बाई, तू आज नुसतं लिहून घे.

आमचं बोलणं इथं संपलं. मावशी शेजारीच बसल्यात. त्या म्हणतात, "ह्ये सगळं लिवून आणलं हुतं का तुमी?" हो मावशी, निम्मं आणलं होतं.

राम राम.